कुलूप काढा, खोकी आम्ही आणतो : शाळा चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळांचे मुख्याध्यापक, व्यवस्थापन मंडळांचे सदस्य आणि वर्ग तपासायला येणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी प्राथमिक वर्गांना शिकवते. गेल्या काही वर्षांत माझ्या वर्गात तीन वाचनकोपरे झाले. पहिला देखणा होता, पण तिथे कुणी वाचले नाही. दुसरा कोसळला. तिसरा घरातल्या टाकाऊ वस्तूंचा, मुलांनी स्वतः उभा केलेला, आणि तिथे बसायला मिळावे म्हणून मुले नंबर लावत. या तिघांनी मला जे शिकवले ते आपल्यापर्यंत पोहोचवायचे आहे, कारण पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप काढण्याचा निर्णय माझ्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

पहिल्या कोपऱ्याचे सामान तयार आले होते. रंगीत प्लास्टिकचे शेल्फ, चकचकीत आवरणाच्या गाद्या, भिंतीवर चिकटवायचे छापील झाड. दोन तासांत सगळे मांडून झाले. पाहुणे आले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे पहारा द्यायला लागले. पाय पुसून बस. गादीवर पेन नको. झाडाची पाने ओढू नकोस. सामान महागाचे होते, नोंदवहीत माझ्या सहीने चढले होते आणि वर्षअखेरीला मोजून दाखवायचे होते. महिनाभरात मुले तिकडे फिरकेनाशी झाली. एके दिवशी मधल्या सुट्टीत दुसरीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, तिथे आपण बसायचं असतं का? की ते पाहुण्यांसाठी आहे?"

शाळा सुटल्यावर मी त्या कोपऱ्यात जमिनीवर बसून पाहिले. तिच्या उंचीवरून पुस्तकांच्या फक्त कडा दिसत होत्या. मुलांची चित्रपुस्तके इतकी बारीक असतात की कडेवर नावसुद्धा मावत नाही. म्हणजे तिला दिसत होत्या रंगीत रेघांच्या दोन ओळी, आणि त्यांच्यापुढे ‘हात लावू नका’ म्हणत उभी राहिलेली मी.

टाकाऊ वस्तूंचा विचार तेव्हा आला, आणि मी तो पैसे वाचवण्यासाठी केलेला नाही हे इथेच सांगते. ‘शून्य खर्चात वाचनकोपरा’ असे मथळे पाहिले की मला वाईट वाटते. खर्च होतोच. चिकटपट्टी लागते, डिंक लागतो, शिक्षकाचे तास जातात. पण रिकामे खोके फाटले तर त्याचा जाब कुणाला द्यावा लागत नाही. त्यावर मूल बसू शकते, लोळू शकते, चित्र काढू शकते, दाबून पाहू शकते. बिघडले तर दुसरे खोके येते. ही निर्धास्ती विकत आणलेल्या सामानात मुलांना मिळत नाही आणि शिक्षकालाही मिळत नाही.

मुलांना मी सांगितले, घरात जे फेकायला काढले असेल ते विचारून आणा. आठवडाभरात वर्गात जे जमले ते पाहण्यासारखे होते. वस्तू आणल्या तेव्हा प्रत्येकाने त्यांची हकीकतही सांगितली. हे खोके पंख्याचे, हे आजोबांच्या औषधांचे. ही जीन्स ताईची, गुडघ्यावर फाटलेली. हा पडदा आमच्या जुन्या घराच्या खिडकीचा, नव्या खिडकीला तो आखूड पडतो. कोपऱ्यात आपल्या घराचा एक तुकडा आहे हे कळल्यावर मूल तिथे पाहुण्यासारखे वागत नाही. कधीच स्वतःहून न बोलणारा एक मुलगा आज नव्या मुलांना हात धरून नेतो आणि ‘हा माझ्या बाबांचा शर्ट’ म्हणून उशी दाखवतो.

आता खोक्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण दुसरा कोपरा कोसळला तो इथल्याच चुकीने.

सामानाचे खोके ज्या पुठ्ठ्याचे असते त्यात दोन सपाट कागदांच्या मध्ये एक लाटदार कागद असतो. कडेने कापून पाहिले की लाटा दिसतात. असा लाटदार कागद १८५६ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पेटंट झाला तो उंच टोप्यांच्या आत बसवण्यासाठी. पुढे १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट जोन्स याने काचेच्या बाटल्या आणि दिव्यांवरच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचे पेटंट घेतले. सगळे बळ त्या लाटांत असते, आणि ते एकाच दिशेला असते. लाटा उभ्या राहिल्या तर प्रत्येक लाट एका बारीक खांबासारखी वजन पेलते. आडव्या पडल्या तर पुठ्ठा दुमडतो. खोके बनवणारे हे जाणतात, म्हणून खोके नीट उभे ठेवले की त्याच्या बाजूंतल्या लाटा उभ्याच असतात. आम्ही शेल्फ करायचे म्हणून खोकी आडवी केली, त्यांची तोंडे पुढे वळवली आणि चार मजले रचले. तिसऱ्या दिवशी तळाच्या खोक्याच्या दोन्ही बाजू पोट फुगल्यासारख्या बाहेर आल्या आणि सगळी पुस्तके खाली आली. कुणाला लागले नाही. मला मात्र आपण काय केले ते तेव्हा कळले नव्हते.

ते मुलांनीच शोधले. एकाच खोक्यातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापल्या, एकीत लाटा उभ्या, दुसरीत आडव्या. दोन्हींना तीन घड्या घालून त्रिकोणी नळ्या केल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. मग दोन्हींवर एकेक पुस्तक चढवत गेलो. आडव्या लाटांची नळी चौथ्या-पाचव्या पुस्तकाला गुडघे टेकल्यासारखी खाली बसली. दुसरीवर वर्गातली जाड पुस्तके संपली तरी ती हलली नाही. आवाज इतका झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. त्यानंतर प्रत्येक खोके वापरण्याआधी मुले त्याची कड डोळ्यांजवळ धरून लाटा कुठल्या दिशेने धावतात ते पाहू लागली. वरून पिवळे दिसणारे खोके दुहेरी लाटांचे आहे की एकेरी, हेही त्यांना आता कडेवरून कळते. विज्ञानाचा हा तास माझ्या नियोजनात नव्हता.

तिसऱ्या कोपऱ्यात प्रत्येक आडव्या खोक्याच्या आत, दोन्ही बाजूंना, उभ्या लाटांचे दोन-दोन पुठ्ठे डिंकाने चिकटवलेले आहेत. मजले दोनच. त्यापुढे रचायचे नाही, आणि वरची फळी सर्वांत लहान मुलाच्या खांद्याच्या वर जाऊ द्यायची नाही. मागची बाजू भिंतीला सुतळीने बांधलेली आहे. साबणाच्या पुडीची नाहीतर बिस्किटांची लांबट खोकी तिरकी कापली की मासिके आणि पातळ पुस्तके ठेवायला उत्तम खण होतात. मात्र निम्मी तरी पुस्तके मुखपृष्ठ समोर करून ठेवायची, म्हणजे ज्याला अजून वाचता येत नाही त्यालाही निवडता येते. त्यासाठी भिंतीवर एक जाड दोरी ताणली आणि तिच्यावर पुस्तके मधोमध उघडून पालथी अडकवली. जड पुस्तकांची शिवण याने ताणली जाते, म्हणून तिथे फक्त पातळ आणि पिना मारलेली पुस्तके.

बैठकीसाठी दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या वापरल्या. मध्ये एक बाटली उभी केली की तिच्याभोवती बरोबर सहा बसतात, ना कमी ना जास्त. त्याबाहेरच्या फेरीत बारा. सात बाटल्यांची बैठक छोट्यांना पुरते, एकोणीसची दोघांना. युरोपात शाळेच्या टेबल-खुर्च्यांसाठी ‘ईएन १७२९’ हे मानक आहे. त्यात १०८ ते १२१ सेंमी उंचीच्या मुलासाठी बैठकीची उंची ३१ सेंमी धरली आहे. दोन लिटरची बाटली जवळपास तेवढीच उंच असते. बाटल्या धुऊन पूर्ण कोरड्या करायच्या, झाकणे घट्ट पिळायची, सगळ्यांभोवती चिकटपट्टीचे तीन पट्टे ओढून बांधायचे, खाली-वर पुठ्ठ्याच्या दुहेरी चकत्या लावायच्या. झाकणे घट्ट पिळायची हे पुन्हा सांगते. वजन पेलते ती आत कोंडलेली हवा, प्लास्टिक नव्हे. आमच्या पहिल्या बैठकीतली दोन झाकणे सैल होती, त्यामुळे ती एका बाजूला हळूहळू कलत गेली.

कापडाने मात्र मला सर्वांत जास्त आनंद दिला. जुना बटणांचा शर्ट घ्यायचा, बाह्या आत वळवून शिवायच्या, गळा आणि खालची कड शिवायची. झाला उशीचा अभ्रा. चेन नको, नाडी नको, बटणे आहेतच. खिसा समोर येईल असा घेतला तर खुणेची पट्टी ठेवायला जागा मिळते. आत कापलेल्या टी-शर्टांच्या, चादरींच्या चिंध्या भरायच्या. चिंध्या दोन बोटांपेक्षा रुंद ठेवू नयेत, नाहीतर गोळे होतात. जुन्या गाद्यांतला फोम मी घेत नाही. तो हाताला पिठासारखा चुरतो आणि नाकात जातो. जीन्सचे खिसे कापून एका जुन्या पडद्यावर ओळीने शिवले, तो पडदा भिंतीला लावला आणि छोटी पुस्तके त्यात गेली. प्रत्येक खिशावर मुलांनी आपापले चिन्ह टाचले आहे.

कापड धुता यायलाच हवे. धुळीतले किडे ६० अंशांच्या पाण्यात मरतात, कोमट पाण्यात मरत नाहीत. दम्याचे एक जरी मूल वर्गात असेल तर ही गोष्ट नंतरवर टाकता येत नाही. आमच्याकडे प्रत्येक सुट्टीच्या आधी अभ्रे घरोघर धुवायला जातात आणि येताना कधीकधी तुटलेले बटण बदलून येते.

आता काळजीच्या गोष्टी. सुरक्षिततेचे कारण पुढे करून आपण सहज ‘नको’ म्हणू शकता, आणि त्यातली काही कारणे अगदी खरी आहेत. म्हणून मी काय नाकारते ते ऐका.

झाकण किंवा दार बंद होऊन मूल आत अडकेल अशी कोणतीही वस्तू मी घेत नाही. जुना फ्रीज नाही, कडीची पेटी नाही. जुन्या फ्रीजमध्ये लपून मुले गुदमरल्याच्या इतक्या घटना अमेरिकेत घडल्या की १९५६ साली तिथे आतून उघडता येईल असेच फ्रीज विकण्याचा कायदा करावा लागला. फ्रीजचे खोके मात्र चालते, तेही छप्पर आणि समोरची बाजू कापून. कोपऱ्याच्या भिंती माझ्या कमरेइतक्याच उंच असतात. वर्गात कुठेही उभी असले तरी आतले प्रत्येक मूल मला दिसले पाहिजे. आत जायला आणि बाहेर यायला दोन वाटा. वर्गाच्या दाराशी कोपरा नको. पुठ्ठ्याजवळ विजेच्या माळा नकोत, त्या कितीही सुंदर दिसत असल्या तरी. थर्माकोल नको, तो पटकन पेटतो आणि त्याचा धूर घातक असतो. मोटारीचे टायर मी वर्गात आणत नाही, उन्हात त्यांना जो वास सुटतो तोच पुरेसे सांगतो.

जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगवलेल्या फळ्या पालक प्रेमाने आणून देतात. त्या परत पाठवताना वाईट वाटते, पण जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते, आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. घासून रंग काढायला गेलो तर तीच भुकटी मुलांच्या हातावर येते. माल रचून येतो त्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्याशेजारी इंग्रजी एच-टी ही अक्षरे असली तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेले आहे; एम-बी असली तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे आणि ते शाळेत आणायचे नाही. शिक्काच नसेल तरी नाही.

किड्यांचा धडा मला उशिरा मिळाला. दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही पिठाची खळ वापरली होती, घरगुती आणि निर्धोक म्हणून. दोन महिन्यांनी एका खोक्याची चिकटवलेली पाखी उचकटली तर आत चंदेरी, वेगाने पळणारी कसर होती. कागदावर तिने खाल्लेले पातळ, खरवडल्यासारखे डाग होते. पिष्टमय पदार्थ तिला आवडतात. आम्ही तिचे ताटच वाढून ठेवले होते. आता पांढरा डिंक वापरतो. खोकी जमिनीवर टेकू देत नाही, कारण पुठ्ठा म्हणजे वाळवीचे अन्न. बाटल्यांची झाकणे तळाला चिकटवली की खोके बोटभर वर राहते, खालून हवा खेळते आणि केर काढताना ओले फडकेही लागत नाही. भिंतीपासून चार बोटे अंतर. ज्या भिंतीला ओल येते तिच्याजवळ कोपरा करायचाच नाही, मग ती कितीही मोकळी असो. उजेड खिडकीचा हवा, पण पुस्तकांवर सरळ ऊन नको. वर्तमानपत्री कागद काही आठवड्यांत पिवळा पडतो.

चमकी, लॅमिनेशन आणि तैलरंग यांनाही माझी मनाई आहे, आणि यावर सहकाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. ते म्हणतात, जरा टिकाऊ होऊ दे, जरा चमकू दे. पण हा कोपरा एक-दोन वर्षांत मोडायचाच आहे. मोडला की पुठ्ठा कागद कारखान्यात जाऊन पुन्हा कागद व्हावा, तर त्यावर प्लास्टिकचा थर चालत नाही. कागदाचे तंतू दर फेरीला आखूड होत जातात, साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते निरुपयोगी होतात. त्यातली एक फेरी आमच्या वर्गात दोन वर्षे रेंगाळली तर चांगलेच आहे. पण तिला आम्ही तिथेच संपवू नये. शिवाय दर वर्षी नव्या मुलांना त्यांचा कोपरा बांधायला मिळाला पाहिजे. आधीच्यांनी बांधलेल्यात राहणे आणि स्वतः बांधणे यात फरक आहे. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह सुरू केले तेव्हा टेबल-खुर्च्या मुलांना स्वतः उचलता येतील इतक्या हलक्या केल्या आणि कपाटे त्यांच्या हाताला येतील इतकी बुटकी ठेवली. पुठ्ठ्याचे खोके पाच वर्षांचे मूल एकटे उचलते. आमच्या कोपऱ्याचा आकार महिन्यातून एकदा तरी बदलतो, आणि तो मी बदलत नाही.

हे सगळे आम्ही करू शकतो. परवानगी मिळाली तर एका आठवड्यात करू. जे आम्हाला करता येत नाही त्यासाठी हे पत्र आहे.

खोकी फाटली तर चालतात, पण त्यांत ठेवायची पुस्तके फाटली तर चालत नाहीत. अनेक शाळांत पुस्तके आहेत. नवी कोरी, वेष्टनासकट, कपाटात, कुलपात. किल्ली एका शिक्षकाकडे असते आणि तो शिक्षक दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. नोंदवहीत त्याच्या नावावर अमुक इतकी पुस्तके चढलेली असतात. तपासणीत एक कमी भरले तर विचारणा त्याला होते. मग तो सगळ्यांत सुरक्षित काम करतो, कपाट उघडत नाही. मीही हे केले आहे. एका शाळेत दोन वर्षे किल्ली माझ्या पर्समध्ये होती. तपासणीच्या दिवशी पुस्तके मोजून पूर्ण भरली आणि मला शाबासकी मिळाली. त्या दोन वर्षांत त्या मुलांनी त्यातले एकही पुस्तक पाहिले नव्हते. तिसरीत आलेली मुले पाचवीत गेली. ती शाबासकी मला अजून टोचते.

एके काळी पुस्तके खरोखर साखळदंडाने बांधलेली असत. इंग्लंडमधल्या हेरफोर्ड कॅथेड्रलमध्ये असे साखळ्यांचे ग्रंथालय आजही जपून ठेवले आहे, प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला साखळी आणि साखळीचे दुसरे टोक फळीच्या दांडीला. साखळ्या लावायची पद्धत पडली तेव्हा एकेक प्रत हाताने लिहिली जाई, ती दुर्मीळ होती, त्यामागचे कारण समजते. आपल्या कुलपाला तेही कारण नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यातले पहिलेच आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. शेवटचे आहे, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. मधली तीन वाचकाविषयी आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. पाचांपैकी एकाही सूत्रात पुस्तक कोरे राहिले पाहिजे असे म्हटलेले नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी. प्राथमिक वर्गांच्या वाचनकोपऱ्यातली पुस्तके वापरून झिजणारी वस्तू म्हणून धरा, जशी खडू आणि कागद धरता. वर्षाला काही पुस्तके फाटतील, काही हरवतील हे आधीच गृहीत धरून तेवढे निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ती कमी करणे, मुख्याध्यापकांच्या पातळीवर होऊ द्या. त्यासाठी शिक्षकाला लेखी खुलासा मागू नका. तपासायला आल्यावर कोपरा किती नीटनेटका आहे ते पाहू नका. कोणतेही एक पुस्तक उचला आणि त्याची पाने पाहा. कोपरे मुडपलेले आहेत का, फाटलेले पान चिकटवलेले आहे का, मधल्या पानावर छोट्या बोटांचा डाग आहे का. आमच्याकडे ‘पुस्तकांचा दवाखाना’ म्हणून एक खोके आहे. त्यात पातळ कागदाच्या पट्ट्या, डिंक, दोरा आणि बोथट सुई असते. शुक्रवारी दोन मुले डॉक्टर असतात. चिकटपट्टीने पुस्तक जोडायचे नाही, ती काही काळाने पिवळी पडते आणि खालचा कागद नेते, हे ती मुले आता पालकांनाही सांगतात.

दुसरी मागणी वेळेची. वेळापत्रकात रोज वीस मिनिटे फक्त कोपऱ्याची आणि पुस्तकांची असू द्या. ‘काम लवकर संपले तर जाऊन वाच’ असा नियम अनेक वर्गांत असतो. काम लवकर संपणारी मुले दर वर्गात तीच ती असतात. ज्याला वाचायला वेळ लागतो त्याचे काम कधीच लवकर संपत नाही, आणि कोपऱ्याची गरज सर्वांत जास्त त्यालाच असते. माझ्या वर्गात कोपऱ्यात बसायची पाळी नावांच्या क्रमाने येते. वाचल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, सारांश लिहून घ्यायचा नाही. मूल चित्रेच पाहत बसले तर पाहू द्यायचे. ही वीस मिनिटे दुसऱ्या विषयाला, सरावाला, सूचना वाचून दाखवायला द्यायची नाहीत, असे आपल्या सहीने लिहून मिळाले तर मला रोज भांडावे लागणार नाही.

तिसरी मागणी छोटी आहे. काही शाळांनी मिळून टाकाऊ पण धड साहित्याची एक खोली चालवावी. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात १९९६ पासून ‘रेमिडा’ नावाचे असे केंद्र आहे. कारखान्यांत उरलेले, किरकोळ दोषामुळे नाकारलेले कागद, कापड, पुठ्ठे, नळ्या तिथे येतात आणि शाळा ते घेऊन जातात. प्रत्येक वर्गाने प्रत्येक वेळी पालकांनाच विचारावे लागू नये, कारण काही घरांत फेकण्यासारखे काही नसते. त्या मुलांना रिकाम्या हाताने यावे लागते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मी त्यांना कापायचे, मोजायचे, लाटांची दिशा तपासायचे काम देते. तरी तेवढ्याने भागत नाही.

पुस्तके कुठून येणार हा प्रश्न आपण विचाराल. तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारातल्या चांकाया भागात, सफाई कामगार कचऱ्यात सापडलेली पुस्तके बाजूला ठेवत गेले आणि त्यातून २०१७ साली एका जुन्या वीटकारखान्याच्या इमारतीत सर्वांसाठी खुले ग्रंथालय उभे राहिले. पुस्तके लोकांच्या घरात आहेत, माळ्यावर आहेत, आणि सर्वांत आधी आपल्याच कपाटांत आहेत. आमच्या कोपऱ्यात मुलांनी केलेली पुस्तकेही आहेत. एका बाजूने कोऱ्या असलेल्या कागदांना मधोमध घडी, पाठीला दोऱ्याचे तीन टाके, खोक्याच्या पातळ पुठ्ठ्याचे मुखपृष्ठ. सर्वाधिक वाचली जातात ती हीच. गेल्या वर्षी एका पुस्तकासाठी रांग होती. त्याचे नाव ‘माझ्या कुत्र्याची शेपटी कुठे गेली’ असे आहे, ते आठ पानांचे आहे आणि सहाव्या पानावर लेखकाचा दात पडल्याची बातमीही आहे.

पुढच्या आठवड्यात नव्या वर्षाची मुले येतील. जुना कोपरा मोडून पुठ्ठा रद्दीत द्यायला बांधून ठेवला आहे. शर्टांच्या उश्या धुऊन आल्या आहेत. खिडकीजवळची, ओल नसलेली, दारापासून दूरची दोन मीटर जागा मी फरशीवर खडूने आखली आहे. आपली सही आणि कपाटाची किल्ली एवढे मिळाले की आम्ही कामाला लागू.

आपली नम्र,
एक वर्गशिक्षिका

ता. क. खोकी पाठवणार असाल तर तळाच्या धातूच्या पिना आधी पक्कडीने काढायला सांगा. गेल्या वर्षी दोन मुलांची बोटे त्याच पिनांनी कापली होती. ओली होऊन वाळलेली खोकी नकोत, त्यांच्या लाटा मऊ पडलेल्या असतात आणि ती वरून चांगली दिसली तरी वजन घेत नाहीत.